जिंकेल तो बसून राहील

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सोसायटीच्या हॉलमधला कॅरम बोर्ड एक हात लांब झाला, आणि शामराव आवटींना पहिली काळजी पडली ती ही, की आता याच्यावर घालायची चादर पुरायची नाही. चादर शकूची, म्हणजे त्यांच्या बायकोची होती आणि ती कपाटातून काढताना आधीच दोन शब्द ऐकून घ्यावे लागले होते. बोर्ड लांब झाला तो समोरच्या बाजूनं. शामरावांच्या बाजूला सगळं जागच्या जागी होतं. चहाचा कप, पावडरचा डबा, मोबाइल आणि ते स्वतः.

समोर नुकतेच हरलेले डॉक्टर फडणीस खुर्चीसकट हातभर मागे गेले. त्यांनी खाली वाकून फरशी बघितली, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, की आता जरा ऐसपैस वाटतंय. मग उठले आणि पोह्यांच्या टेबलाकडे गेले.

ही मिरजेतली गोष्ट. एकच इमारत, सोळा घरं, खाली पार्किंगच्या कडेला हॉल आणि हॉलमध्ये एकुलता एक बोर्ड. शामराव विमा कार्यालयातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण सोसायटीची कॅरम स्पर्धा ते बावीस वर्षं भरवत होते. नोटीस तेच लिहायचे, चिठ्ठ्या तेच करायचे, ढाल पुसून ठेवायचे तेच. आणि दर वार्षिक सभेत उठून एकच रडगाणं गायचे, की लोकांचा प्रतिसाद नाही. पोहे खायला येतात आणि खेळायचं म्हटलं की नाक मुरडतात. सभेतली मंडळी माना डोलवायची आणि पुढच्या विषयाकडे वळायची. तो विषय बहुतेक वेळा पाण्याच्या टाकीचा असायचा.

बोर्ड एकच, म्हणून स्पर्धेची रीतही निराळी होती. डब्यातून चिठ्ठी काढायची. पहिले दोघं बसतील. हरेल तो उठेल, जिंकेल तो बसून राहील आणि पुढच्या चिठ्ठीवाल्याशी खेळेल. चिठ्ठ्या संपतील तेव्हा जो बसलेला असेल, ढाल त्याची. पूर्वी काय व्हायचं, जिंकलेला माणूस चहाच्या निमित्तानं घरी जायचा तो जेवून, एक डुलकी काढून यायचा, आणि सगळी स्पर्धा त्याच्यासाठी खोळंबायची. म्हणून शामरावांनी नियमावलीत सहावा नियम घातला. जिंकणाऱ्यानं हरेपर्यंत जागा सोडायची नाही, कसलीही सबब ऐकली जाणार नाही. शेवटचे शब्द त्यांनी लाल शाईनं अधोरेखित केले होते.

आता या रीतीत पहिल्या चिठ्ठीवर कुणालाच यायचं नसतं. पहिल्याला ढाल हवी तर पंधराच्या पंधरा जणांना हरवावं लागतं. दरवर्षी ज्याचं नाव पहिलं निघेल तो फुगून बसायचा आणि गणपतीपर्यंत बोलायचा नाही. या वर्षी शामरावांनी पहिली चिठ्ठी काढलीच नाही. मीच बसतो म्हणाले. लोकांना त्यांचा केवढा मोठेपणा वाटला. पंच कुरणे सर, जे शाळेत खेळाचे मास्तर होते आणि अजूनही गळ्यात शिट्टी घालून फिरायचे, त्यांनी तर टाळ्या वाजवायला लावल्या.

मोठेपणा कसला डोंबलाचा. शामरावांचा हिशेब सरळ होता. पहिलंच बसायचं, पहिल्या डावात जो समोर येईल त्याच्याशी हरायचं, अकराला मोकळं व्हायचं, पुढचं सगळं कुरणे सरांच्या गळ्यात घालायचं. मग आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि चार वाजता स्टेशनवर. कारण चार वाजता वैजू येणार होती.

वैजू म्हणजे वैजयंती, त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याहून हुबळीला निघाली होती नवऱ्याच्या बदलीपायी. नवरा सामान घेऊन आधीच पुढे गेला होता. मिरजेला गाडी बदलायची होती आणि मधे दीड तास होता, चार ते साडेपाच. सोबत तिची साडेचार वर्षांची मुलगी, जुई. जुईला शामरावांनी फक्त शकूच्या मोबाइलवर पाहिलं होतं. वैजूला तर सात वर्षांत तेवढंही नाही.

सात वर्षांपूर्वी वैजूनं आपल्या पसंतीनं लग्न ठरवलं तेव्हा शामरावांनी आरडाओरडा केला नाही, दारं आपटली नाहीत. ते फक्त म्हणाले, की त्या रविवारी स्पर्धा आहे, मला उठता येणार नाही. शकू एकटी गेली आणि एकटी आली. स्पर्धा खरं तर पुढच्या रविवारी होती. नोटिशीवरची तारीख शामरावांनी स्वतःच्या हातानं खोडून अलीकडे आणली होती, आणि हे एक त्यांना माहीत होतं आणि एक शकूला. ती त्यावर कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं त्यांना पुष्कळदा वाटायचं.

आठवड्यापूर्वी वैजूचा फोन आला तेव्हा शकू गच्चीवर वाळवण घालत होती, म्हणून तो शामरावांनी उचलला. मग वैजूनं गाडीची वेळ सांगितली आणि शामराव म्हणाले, येतो. एवढंच. पण त्या रात्री त्यांनी शकूला तीनदा विचारलं, की जुईला काय आवडतं.

तर असं सगळं असताना ते डॉक्टरांशी जिंकले. जिंकायचं नव्हतं हो. त्यांनी स्ट्रायकर मुद्दाम वाकडा मारला, तो चारी कडांना आपटून आला आणि येताना शामरावांच्याच तीन पांढऱ्या सोंगट्या भोकात घालून आला. लोक वाहवा म्हणाले. तेवढ्यात शकूचा फोन आला, की किती वेळ आहे अजून, आंघोळीचं पाणी निवतंय. थोडंच राहिलंय, असं शामराव म्हणाले आणि फोन ठेवला. बोर्ड लांब झाला तो त्यानंतर.

दुसरी चिठ्ठी निघाली पुजारींची. पुजारी चांगला खेळायचे, चार ढाली घरात होत्या त्यांच्या. शामरावांना हायसं वाटलं. त्यांनी या खेपेला सरळ पुजारींची काळी सोंगटी नेम धरून भोकात घातली, म्हणजे गुण पुजारींना. कुरणे सरांनी भोकात हात घालून ती काढली आणि वर धरून सगळ्यांना दाखवली. सोंगटी पांढरी होती. पुजारी म्हणाले, बरोबर आहे, पांढरीच होती. शामरावांनी अशा चार काळ्या घातल्या आणि चारही पांढऱ्या निघाल्या. पुजारी हात मिळवून उठले, आणि जाताना विचारून गेले, की स्पर्धा आटपायला कितीसा वेळ आहे, दुपारी मेव्हणे येणार आहेत. थोडंच राहिलंय, असं शामराव म्हणाले. बोर्ड आणखी एक हात लांब झाला आणि त्याच्याबरोबर समोरची भिंतही सरकली, कारण तिला तरी दुसरी जागा कुठे होती. हॉलचं दार त्याच भिंतीत होतं.

बोरगावेंना हरवल्यावर मात्र बोर्ड काही वाढला नाही. त्या वेळी गरम पोह्यांचं दुसरं पातेलं आलं होतं, सगळे त्याच्यावर तुटून पडले होते आणि शामरावांना कुणी काही विचारलं नाही. बोरगावे सोसायटीचे सेक्रेटरी. ते बशी घेऊन लांबलेला हॉल पावलांनी मोजून आले आणि म्हणाले, की बारशाला, साखरपुड्याला आता बाहेर कार्यालय बघायला नको. फक्त पंखे दोन वाढवावे लागतील आणि त्याला सभेची मंजुरी लागेल.

एक वाजेपर्यंत शामराव नऊ जणांना हरवून बसले. बोर्ड आता जेवणाच्या पंगतीएवढा लांब झाला होता. समोरच्याचा चेहरा ओळखू यायचा, पण बोलायचं तर आवाज चढवावा लागायचा. आणि मागची भिंत पुढे आली होती. कधी आली ते त्यांना कळलं नाही. रेशनच्या रांगेत मागचा माणूस चिकटून उभा राहतो तशी ती पाठीला लागली होती आणि बोर्डाची कड पोटाला. शामरावांनी श्वास जरा बेतानं घ्यायला सुरुवात केली.

पंधरावी चिठ्ठी अडीच वाजता निघाली. ही शेवटची. शामरावांनी मनात म्हटलं, हरलो काय नि जिंकलो काय, आता सुटलो. जिंकलो तर ढाल आणि हरलो तर दुसऱ्याला ढाल, पण उठणार हे नक्की. ते जिंकले. त्यांनी रुमालानं हात पुसले. कुरणे सरांनी डब्यात हात घातला आणि सोळावी चिठ्ठी काढली.

"आगाशे, बी विंग," त्यांनी वाचलं.

आपल्याला बी विंग नाही, असं शामराव म्हणाले. कुरणे सरांनी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. अक्षर शामरावांचंच होतं. दारातून एक उंच गृहस्थ आत आले आणि नमस्कार करून म्हणाले, मी आगाशे, बी विंग, जरा उशीर झाला, लिफ्ट बंद होती. दार उघडंच राहिलं होतं. त्यातून पार्किंगच्या पलीकडे बी विंग दिसत होती, तिच्या गॅलरीत धुणं वाळत होतं आणि खाली माणसांची रांग लागली होती. सगळे खेळायला आलेले. शांतपणे उभे होते, कुणी पेपर वाचत होतं, एका बाईंनी बसायला घरून स्टूल आणलं होतं. प्रतिसाद म्हणून जो काही म्हणतात तो हाच.

शामरावांनी कुरणे सरांना जवळ बोलावून हळूच सांगितलं, की चार वाजता माझी मुलगी येतेय स्टेशनवर. सात वर्षांनी येतेय. मला जाऊ द्या, मी हरलो असं लिहा.

"आवटी, नियम सहा," कुरणे सर म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. नियमावली त्यांनी उशाखाली ठेवून पाठ केली होती, बावीस वर्षं शामरावांनीच त्यांच्याकडून करून घेतली होती.

मग शामराव उठले. नियम गेला खड्ड्यात म्हणाले आणि उठले. उठून बघतात तर बसलेलेच. पुन्हा उठले, गुडघे सरळ झालेले त्यांना स्पष्ट कळले, आणि पुन्हा बसलेलेच. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हात टेबलावर रेटले, मागची भिंत पाठीनं ढकलली आणि उभे राहिले. रांगेतल्या लोकांनी माना उंचावून बघितलं. शामराव खुर्चीत बसले होते आणि पावडरचा डबा तेवढा लवंडला होता. आगाशेंनी तिकडून ओरडून विचारलं, की सुरू करायचं का.

साडेतीनला शकू आली. अंगावर मोरपंखी साडी, हातात पोळ्यांचा डबा. सांज्याच्या पोळ्या पहाटे उठून केल्या होत्या तिनं. ती दारात उभी होती आणि दार इतकं लांब गेलं होतं, की शामरावांना साडीचा रंग तेवढा दिसला. ती आत आली नाही. तिनं तिथूनच फोन लावला आणि विचारलं, अजून किती.

"थोडंच राहिलंय," शामराव म्हणाले. "तू हो पुढं. मी आलोच."

ती म्हणाली, चौतीस वर्षं ऐकतेय. रागानं नाही म्हणाली, नुसती म्हणाली. मोरपंखी रंग दारातून बाजूला झाला आणि दार आणखी लांब गेलं. शामरावांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पावडरच्या हातानं पुसलं, त्यामुळे ते जास्तच आलं.

त्यानंतर बोर्ड हाताहातानं वाढायचं सोडून खोलीखोलीनं वाढायला लागला. रांगेतला प्रत्येक जण बसण्याआधी विचारायचा, शेट, किती राहिलेत पुढं, आमचा नंबर कधी. आणि शामराव आयोजक ते आयोजक, तोंडातून उत्तर आपोआप निघायचं. बोर्ड दारातून बाहेर पडला. पार्किंगमधून, फाटकातून गेला, रस्त्याला लागला. गाड्या त्याच्या कडेनं जाऊ लागल्या. गिरणीवाल्यानं पिठाची पोती बोर्डावर टेकवली म्हणून कुणीतरी त्याला दटावलं. समोरून सुटलेला स्ट्रायकर आता यायला पाच-सात मिनिटं घ्यायचा. येताना त्याला धूळ लागलेली असायची, एकदा भेळेचा कागद चिकटून आला. समोर कोण बसलंय हे रांगेतून तोंडातोंडी कळायचं. तिकडून निरोप यायचा, की आता तांबोळी बसलेत, आता तांबोळी उठले. शामरावांचा स्ट्रायकर मात्र बोटातून सुटला की लगेच काम करायचा. तो कधी चुकला नाही.

चार वाजून गेले. हॉलच्या घड्याळात शामराव सारखे बघत होते, दर खेपेला मान वळवून, कारण मान तेवढी वळत होती. सव्वाचारला कुरणे सरांनी चिठ्ठी काढली आणि उघडली. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नाव वाचलं.

"वैजयंती शामराव आवटी."

लग्नानंतरचं नाव नव्हतं ते, पूर्वीचं होतं. रांगेतून निरोप पुढे गेला. नाव एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना शामरावांना ऐकू येत होतं. पार्किंगपर्यंत, गिरणीपर्यंत, मग ऐकू येईनासं झालं. बऱ्याच वेळानं उलट निरोप आला. बोर्डाचं दुसरं टोक स्टेशनवर पोचलंय. फलाट दोनवर बाकासमोर. मुलगी बसलीय.

शामरावांनी मान खाली केली आणि हनुवटी बोर्डाला टेकवली. पांढऱ्या पावडरीवरून नजर सरळ जात होती, मधे काहीच नव्हतं. अगदी टोकाला, मोहरीएवढी, पण स्वच्छ, वैजू दिसत होती. केस कापले होते तिनं. शेजारी मोरपंखी ठिपका शकूचा. आणि बाकावर बसून पाय हलवणारी एक चिमुरडी, पिवळ्या फ्रॉकातली.

"वैजू, मी येतो," ते म्हणाले. ओरडायची गरज पडली नाही, बोर्ड आवाज नेत होता.

"उठू नका, बाबा," वैजू म्हणाली. "स्पर्धा आहे ना आज."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर शामरावांनी तो झेलला असता. ती खरंच म्हणत होती, जसं आजारी माणसाला म्हणतात. शामरावांनी तोंडावर हात धरला. सात वर्षं बोलायचं ठरवलेलं सगळं त्यांना आठवलं, आणि त्यातलं काहीच बोर्डावरून पाठवण्याजोगं वाटेना.

मग त्यांच्या ध्यानात आलं, की वैजू खेळते. नऊ वर्षांची असताना तिनं याच हॉलमध्ये बोरगावेंना हरवलं होतं. शामरावांनीच शिकवलं होतं तिला, बोटाखाली बोट धरून. त्यांना हरवू शकेल अशी कुणी असेल तर ती.

"वैजू, मला हरव," ते म्हणाले. "तू हरवलंस की मी उठतो. साडेपाचच्या आत हरव."

तिनं बांगड्या वर सारल्या, हे त्यांना मोहरीएवढं दिसलं, आणि खेळायला लागली. काय खेळली पोर. तिचा स्ट्रायकर स्टेशनातून निघायचा, रस्त्यानं यायचा, फाटकातून वळायचा आणि सोंगटीला नेमका हव्या त्या जागी टेकायचा. तिच्या काळ्या सोंगट्या काळ्याच राहिल्या. एक गेली, दोन गेल्या, राणी गेली आणि राणीपाठोपाठ तिसरी गेली. लोक श्वास धरून बघत होते. शामरावांचा हात आला की तेही खेळत होते, आणि पांढऱ्या आपल्या जात होत्याच. पाच वाजता दोघांची एकेक सोंगटी राहिली. वैजूची काळी शामरावांच्या उजव्या भोकाच्या अगदी तोंडाशी होती, फुंकर मारली तर पडेल अशी. पांढरी त्या काळीच्या शेजारीच, बोटभरावर. आणि पाळी वैजूची.

तिनं मारला. निरोप आला, स्ट्रायकर फलाटावरून सुटला. मग निरोप आला, पोस्ट ऑफिस ओलांडलं. मग आला तो निरोप जरा वेगळा होता. पोरगी बोर्डावर चढली.

कुठली पोरगी, असं कुरणे सरांनी विचारलं. पिवळ्या फ्रॉकची, असं उत्तर आलं. स्ट्रायकरच्या मागून चालत निघालीय. आई बसलेलीच आहे, हाका मारतेय पण उठत नाही. उठली तर हरली, आणि ती हरली तर तिचे वडील कायमचे बसले, म्हणून उठत नाही म्हणते. आजी बोर्डाच्या कडेनं धावायला निघाली होती, पण रांगेनं तिला वाट दिली नाही. गाडी फलाटाला लागलीय.

शामरावांनी बोर्डाला हनुवटी टेकवली. दूरवर पिवळा ठिपका दिसत होता. घड्याळात पाच वीस झाले होते. गाडीची शिट्टी बोर्डाच्या लाकडातून त्यांच्या दातांत आली.

स्ट्रायकर फाटकातून वळला, पार्किंगमधून आला, दारातून हॉलमध्ये शिरला. धुळीनं तो राखाडी झाला होता आणि दमला होता. लोक दोन्ही बाजूंनी वाकून त्याच्याबरोबर चालत होते. काळ्या सोंगटीच्या एक बोट अलीकडे तो थांबला. कुरणे सरांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, पाळी आवटींची.

स्ट्रायकर शामरावांच्या हाताशी ठेवला गेला. ते त्याला शिवले नाहीत. मारला की पांढरी जाणार होती, पांढरी गेली की ते जिंकणार होते, आणि डब्यात अजून पुष्कळ चिठ्ठ्या होत्या, त्यांना डबा हलवल्याचा आवाज येत होता. नाही मारला तर पाळी त्यांचीच राहणार होती. तिकडे वैजू बसून राहणार, इकडे ते. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले.

तेवढ्यात जुई दारातून आत आली. बोर्डाच्या मधोमध चालत होती, एक चप्पल पायात, एक हातात. पाय घोट्यापर्यंत पांढरे झाले होते आणि तिच्यामागे पावडरीत इवल्या पावलांची ओळ थेट रस्त्यापर्यंत गेली होती. नाक शकूचं होतं. शामरावांनी ते मोबाइलवर कधी ओळखलं नव्हतं. त्यांनी मांडीखालचे हात काढून पुढे केले. बोर्डाच्या कडेवरून जेवढे जात होते तेवढे.

ती थांबली. घामेजली होती. तिनं हातातली चप्पल या हातातून त्या हातात घेतली आणि त्यांच्याकडे नीट बघितलं.

"आजोबा, अजून किती?"

"थोडंच राहिलंय, बाळा," शामराव म्हणाले.

बोर्ड लांब झाला. फार नाही, तिच्या एका पावलाएवढा. या खेपेला ते जिंकले नव्हते, हरले नव्हते, खेळलेही नव्हते, नुसते ते दोन शब्द बोलले होते. सगळ्या हॉलनं ते बघितलं. कुरणे सरांनी बघितलं. शामरावांनी बघितलं, आणि त्यांचे पुढे केलेले हात तिथेच राहिले.

लांब कुठेतरी गाडी हलल्याचा धक्का लाकडातून आला. जुईनं एक पाऊल टाकलं. ती आधी होती तेवढ्याच अंतरावर आली. तिनं त्यांच्याकडे बघून पुन्हा विचारलं, आणि शामरावांचं तोंड उघडलं.